उसन्या भाषेतील प्रार्थना

१

१९६९ सालच्या मार्च महिन्यात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील ब्रेन्टफर्ड रोडवरच्या एका ध्वनिमुद्रणगृहात तीन तरुणांनी एक गाणे ध्वनिमुद्रित केले. बर्नार्ड कॉलिन्स, डोनाल्ड मॅनिंग आणि लिनफर्ड मॅनिंग ही त्यांची नावे. गटाचे नाव 'दि ॲबिसिनियन्स'. गाण्याची लय संथ होती आणि स्वररचना मायनर, म्हणजे पाश्चात्त्य संगीतात उदास, गंभीर छटा देणारी. शीर्षक होते 'साटा मासागाना'. हे शब्द इंग्रजीतले नव्हते. जमैकातील सामान्य माणूस घरात आणि बाजारात जी बोली बोलतो त्या पॅटवातलेही नव्हते. ते अम्हारिक भाषेतले, म्हणजे हजारो मैल दूर असलेल्या इथिओपियाच्या राजभाषेतले होते. ही भाषा गाणाऱ्यांची मातृभाषा नव्हती. त्यांच्या आईवडिलांची नव्हती, आजोबा-पणजोबांची नव्हती. इतिहासाच्या हिशेबाने पाहिले तर त्यांच्या पूर्वजांपैकी जवळजवळ कोणाचीच ती नसावी.

स्टुडिओच्या मालकाने गाणे ऐकले आणि फीत बाजूला ठेवून दिली. असले गाणे कोण विकत घेणार, असा त्याचा विचार होता. पुढची दोन वर्षे ती फीत तशीच पडून राहिली.

आज रेगे संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही या गाण्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. मात्र ज्या गटाने ते गायले त्याची कीर्ती मर्यादितच राहिली. बॉब मार्ली यांचा चेहरा आपल्याकडच्या महाविद्यालयीन मुलांच्या सदऱ्यांवरही दिसतो. ॲबिसिनियन्स हे नाव मात्र संगीताच्या जाणकारांपलीकडे फारसे पोहोचलेले नाही. तरीही साहित्याच्या विद्यार्थ्याने या गटाच्या वाटचालीकडे लक्ष द्यावे असे मला वाटते, कारण तिच्यात दोन प्रश्न अगदी उघड्यावाघड्या स्वरूपात समोर येतात. भाषा कोणाची असते? आणि गळ्यातून निघालेला शब्द एकदा फितीवर उतरला की तो कोणाचा होतो?

२

तीन आवाजांचा गट ही जमैकातील लोकप्रिय संगीताची एक मूलभूत घडण आहे. एक मुख्य आवाज आणि त्याला साथ देणारे दोन, अशी ही मांडणी. तिची मुळे दोन ठिकाणी सापडतात. एक म्हणजे प्रोटेस्टंट चर्चमधील सामूहिक गायन, ज्यात बेटावरील बहुतेक मुले लहानपणापासून वाढत. दुसरे म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील रेडिओ केंद्रांवरून रात्री ऐकू येणारे कृष्णवर्णीयांचे संगीत. शिकागोचा 'दि इम्प्रेशन्स' हा गट आणि त्यातील कर्टिस मेफील्ड यांचा उंच, कोवळा स्वर किंग्स्टनच्या तरुणांना विशेष भावला होता. वाद्य विकत घेण्याची ऐपत नसलेल्या वस्त्यांमध्ये आवाज तेवढा फुकट होता. गल्लीच्या कोपऱ्यावर तिघांनी उभे राहून स्वर जुळवावेत, जुळले की एखाद्या निर्मात्याच्या दारात जाऊन गाऊन दाखवावे, हा शेकडो तरुणांचा क्रम होता. 'दि वेलर्स', 'दि हेप्टोन्स', 'दि मेटल्स', 'दि मेलोडियन्स' हे सारे गट याच वाटेने आले.

१९६६च्या सुमारास स्का या वेगवान नृत्यसंगीताची लय मंदावली आणि 'रॉकस्टेडी' नावाचा संथ प्रकार रूढ झाला. या मंद लयीत गायकांना श्वास घ्यायला आणि सुरांची गुंफण करायला जागा मिळाली. १९६८मध्ये तिच्यातूनच रेगे आकाराला येऊ लागले. याच वर्षी ॲबिसिनियन्स गट जन्माला आला.

गटाच्या मुळाशी मॅनिंग कुटुंब आहे. डोनाल्ड यांचे भाऊ कार्लटन मॅनिंग यांचा 'कार्लटन अँड द शूज' हा गट तेव्हा नावारूपाला येत होता. १९६८मधील त्यांच्या 'लव्ह मी फॉरएव्हर' या प्रेमगीताच्या तबकडीची दुसरी बाजू होती 'हॅपी लँड'. एका सुखी भूमीचे हे गाणे चर्चमधील भजनाच्या वळणाचे होते. कॉलिन्स आणि डोनाल्ड मॅनिंग यांनी मिळून जे पहिले गाणे रचले ते याच 'हॅपी लँड'च्या दाट छायेत. दोघांना तिसरा साथीदार मिळाला, पण तो महाविद्यालयात शिकत होता आणि सरावाला वेळेवर येऊ शकत नसे. त्याची जागा लिनफर्ड मॅनिंग यांनी घेतली. ते तोवर कार्लटन यांच्यासोबत गात होते.

म्हणजे 'साटा मासागाना'चे पहिले उसनेपण घरातलेच आहे. मोठ्या भावाच्या गाण्यातली सुखी भूमी धाकट्याने घेतली आणि तिला एक नाव दिले. भजनातला स्वर्ग अनामिक असतो, तो मेल्यावर मिळतो. या तिघांनी त्याला नकाशावर जागा दिली. ते नाव इथिओपियाचे होते.

३

इथिओपियाच का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. १६५५मध्ये इंग्रजांनी जमैका स्पॅनिशांकडून घेतले आणि पुढे दीडशेहून अधिक वर्षे उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणले. ही माणसे आली ती प्रामुख्याने पश्चिम आणि मध्य-पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. आजच्या घाना, नायजेरिया, काँगो या प्रदेशांतील अकान, इग्बो, काँगो आदी समाजांतली ती होती. इथिओपिया खंडाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तेथून अटलांटिक ओलांडून जमैकात कोणी आल्याची परंपरा नाही. १८३८मध्ये गुलामगिरी पूर्णतः संपली तेव्हा मुक्त झालेल्या माणसांच्या तोंडी इंग्रजीच्या सांगाड्यावर उभी राहिलेली एक मिश्र बोली होती. पूर्वजांच्या भाषांचे काही शब्द, काही म्हणी, काही लकबी तीत मुरल्या होत्या. भाषा म्हणून त्या हरवल्या होत्या.

मग हाती उरले ते बायबल. मळेवाल्यांच्या धर्माचा हा ग्रंथ त्या काळी ज्या इंग्रजी भाषांतरात वाचला जाई, त्यात आफ्रिकेसाठी एक आदराचा शब्द होता: इथिओपिया. स्तोत्रसंहितेतील अडुसष्टाव्या स्तोत्रात इथिओपिया देवापुढे हात पसरील असे भाकीत आहे. त्याचा अर्थ कृष्णवर्णीय ख्रिस्ती समाजाने आपल्या मुक्तीशी लावला. १८९६मध्ये अडवा येथे इथिओपियाच्या सैन्याने इटलीचा पराभव केला आणि या धार्मिक शब्दाला राजकीय तेज आले. मार्कस गार्वी हे जमैकाचेच सुपुत्र. त्यांनी १९१४मध्ये स्थापन केलेल्या संघटनेच्या राष्ट्रगीतात आफ्रिकेचा उल्लेख इथिओपिया या नावानेच होतो. २ नोव्हेंबर १९३० रोजी अदिस अबाबात रास तफारी यांचा 'हैले सेलासी' या नावाने राज्याभिषेक झाला. त्याची वृत्ते वाचून जमैकातील काही उपदेशकांना बायबलमधील भाकीत खरे झाल्याची खात्री पटली. लिओनार्ड हॉवेल हे त्यांतील प्रमुख. रास्ताफारी पंथ असा सुरू झाला.

सत्तेला हा पंथ रुचला नाही. जटा राखणारे रास्ता म्हणजे गुन्हेगार, वेडे, आळशी, अशी सुशिक्षितांची समजूत होती. १९६२मध्ये स्वातंत्र्य मिळाले तरी ती बदलली नाही. १९६३च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स येथील एका हिंसक घटनेनंतर बेटाच्या पश्चिम भागात पोलिसांनी सरसकट रास्तांची धरपकड केली, त्यांना मारहाण केली, अनेकांच्या जटा बळाने कापल्या. या अत्याचाराबद्दल जमैकाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१७मध्ये. दरम्यान २१ एप्रिल १९६६ रोजी खुद्द हैले सेलासी किंग्स्टनला आले. विमानतळावर इतका जनसमुदाय लोटला की सम्राटांना काही काळ विमानातच थांबावे लागले. शेवटी मॉर्टिमो प्लानो या रास्ता वडीलधाऱ्याने शिडी चढून जाऊन मार्ग मोकळा केला. ज्या माणसाला वेडे ठरवले होते त्याच्यावर विसंबण्याची वेळ सरकारवर आली. या भेटीनंतर तीनच वर्षांनी ॲबिसिनियन्स स्टुडिओत उभे होते.

गटाच्या नावाबद्दल मराठी वाचकाला एक गोष्ट सांगावीशी वाटते. 'ॲबिसिनिया' हा शब्द अरबी 'हबश'वरून आला, आणि आपण त्याच मुळापासून 'हबशी' हा शब्द घेतला. आपल्याकडे तो केवळ कोशात नाही, भूगोलातही आहे: जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला जुन्या मराठी कागदपत्रांत 'हबसाण' म्हणत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा हबश प्रदेशात जन्मून, बाजारोबाजार विकला जाऊन दख्खनमध्ये पोहोचला होता. म्हणजे खरोखरचे ॲबिसिनियन गुलाम तांबड्या समुद्रामार्गे पूर्वेकडे, आपल्या किनाऱ्याकडे आले. पश्चिमेकडे जमैकाला गेले ते दुसरेच लोक होते. ज्यांचा हबश देशाशी रक्ताचा संबंध नव्हता त्यांनी किंग्स्टनमध्ये 'हबशी' हे नाव मानाने धारण केले. ज्याच्यापासून खरे नाव हिरावून घेतले गेले आहे, त्याला नाव निवडावेच लागते. आणि निवडताना तो वंशावळ पाहत नाही, आपल्याला ताठ उभे राहता येईल अशी जागा पाहतो.

४

आता शीर्षकाकडे वळू. 'साटा मासागाना' याचा अर्थ 'आभार माना', 'स्तुती करा' असा रास्ता मंडळी सांगतात. डोनाल्ड मॅनिंग यांना अम्हारिकची ओढ होती. गटाच्या गाण्यांत हे शब्द आले ते या अभ्यासातून. मात्र इथिओपियातील माणसाच्या कानाला हा शब्दप्रयोग चुकीचा वाटतो. आभार मानण्यासाठी तेथे 'अमेसेगेनालो' असे क्रियापद वापरतात. 'दे' असे आज्ञार्थी म्हणायचे तर 'सित्' म्हणावे लागेल. गाण्यातील पहिल्या शब्दाचा काटेकोर अर्थ होतो 'त्याने दिले'.

ही चूक कशी झाली असावी? मला तिच्यात कोशातून भाषा शिकणाऱ्या माणसाची खूण दिसते. मराठी कोश उघडला तर क्रियापद 'देणे' अशा रूपात सापडते. सेमिटिक भाषांच्या कोशांची रीत निराळी आहे. अरबी, हिब्रू, अम्हारिक यांच्या कोशांत क्रियापदाची नोंद होते ती तृतीय पुरुषी, पुल्लिंगी, एकवचनी भूतकाळाच्या रूपात. अर्थ मात्र समोर 'देणे' असाच छापलेला असतो. ज्याला ती भाषा बोलणारा कोणी भेटलेला नाही, ज्याच्या हाती केवळ शब्दांची यादी आहे, तो ते रूप जसेच्या तसे उचलणार. एका परक्या मुलाने मराठी शिकताना 'दिले आभार' म्हणावे, तसे हे झाले. माझे हे अनुमान आहे, पण शब्दांचे रूपच तिकडे बोट दाखवते.

या चुकीला हसणे सोपे आहे. पण ज्याच्याकडे भाषा वारशाने येते त्याला व्याकरण फुकट मिळते. ज्याच्या पूर्वजांच्या जिभेवरून ती पुसून टाकली गेली आहे त्याला एकेक शब्द पुस्तकातून वेचून आणावा लागतो, आणि त्याच्या वाक्याला त्या श्रमाचे वण राहतात. 'साटा मासागाना' या दोन शब्दांत तो सारा प्रवास गोठलेला आहे. त्या अर्थाने ही चूक इतिहासाचा एक दस्तऐवजच आहे.

आणि पुढे जे झाले ते भाषेच्या अभ्यासकाला अधिक रोचक वाटावे. गाणे लोकप्रिय झाल्यावर 'साटा' हा शब्द जमैकातील रास्तांच्या बोलीत क्रियापद म्हणून रुळला. शांत बसणे, निवांत होणे, चिंतनात रमणे असे त्याचे अर्थ झाले. अम्हारिकमधला 'त्याने दिले' किंग्स्टनमध्ये 'स्वस्थ बैस' झाला. जी भाषा उसनी आणली ती पूर्ण परत करता आली नाही. तिचा एक तुकडा मोडला, आणि त्या तुकड्याला नव्या मातीत मूळ फुटले. आपल्या मराठीतील कितीतरी फार्सी शब्दांचा प्रवास याहून वेगळा नाही. फरक एवढाच की ते शब्द राज्यकर्त्यांबरोबर आले. 'साटा' हा शब्द सत्तेच्या अगदी तळाशी असलेल्यांनी स्वतः जाऊन आणला.

५

आता दुसरा प्रश्न, फितीचा. ब्रेन्टफर्ड रोडवरील तो 'स्टुडिओ वन' आणि त्याचे मालक क्लेमंट डॉड, ज्यांना सारे 'कॉक्सन' म्हणत. त्यांना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. १९६३मध्ये त्यांनी उभारलेल्या या स्टुडिओतून जमैकाच्या संगीताची एक संपूर्ण पिढी घडली. रास्ता विषयांचे त्यांना वावडे होते असेही सरसकट म्हणता येत नाही, कारण १९६९मध्येच त्यांनी 'बर्निंग स्पिअर' यांचे पहिले ध्वनिमुद्रण केले होते. पण ॲबिसिनियन्सच्या गाण्यात पंथाचा रंग फार गडद आहे, त्यातून धंदा होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता, आणि फीत त्यांची होती. त्या काळच्या रीतीनुसार गायकाला ठरावीक रक्कम मिळे, आणि फितीवर जे उतरले ते निर्मात्याच्या मालकीचे होई. बेटावर लागू असलेला स्वामित्वहक्काचा कायदा १९११ सालचा ब्रिटिश कायदा होता. जमैकाने स्वतःचा कायदा केला तो १९९३मध्ये. तोवर अनेक गायकांचे आयुष्य सरले होते.

१९७१मध्ये गटाने ती फीत विकत घेतली. व्यवहाराची रक्कम ९० पौंड अशी नोंदवली गेली आहे. आपणच गायलेले गाणे, आपणच पैसे मोजून सोडवून आणले. सावकाराकडून गहाण सोडवावे तसे. मग त्यांनी 'क्लिंच' या नावाने स्वतःची छाप सुरू केली आणि तबकडी काढली. ती प्रचंड खपली. डॉड यांचा हिशेब चुकला होता; ते लक्षात येताच त्यांनी त्याच तालावर केवळ वाद्यांचे आणि निवेदकाच्या बोलांचे नवे अवतार बाजारात आणले.

हा शेवटचा तपशील जमैकाच्या संगीतव्यवहाराचे एक मर्म सांगतो. तेथे गाण्याचा शब्द एक गोष्ट, आणि त्याखालचा ताल, ज्याला 'रिडिम' म्हणतात, ती दुसरी गोष्ट. एकच रिडिम शंभर गाण्यांना पाया म्हणून वापरला जातो. एका अभंगाच्या चालीवर दुसरा अभंग म्हणावा, तसे काहीसे. 'साटा'चा रिडिम या पद्धतीने पसरत गेला. बिग यूथसारख्या निवेदक-गायकाने त्याच्यावर आपले शब्द घातले. 'थर्ड वर्ल्ड' या गटाने १९७६च्या आपल्या पहिल्याच संग्रहात हे गाणे नव्याने गायले. खुद्द ॲबिसिनियन्सनी त्याच तालावर जुन्या करारातील उतारे वाचून 'माब्राक' हे मुद्रण केले. अम्हारिकमध्ये या शब्दाचा अर्थ वीज. २००४मध्ये तर 'ट्री ऑफ साटा' या नावाने या एका तालाच्या अनेक आविष्कारांचाच संग्रह निघाला. रास्तांच्या मेळाव्यांत हे गाणे आता भजनासारखे म्हटले जाते. भजनातून निघालेले गाणे बाजारात फिरून पुन्हा भजन झाले.

क्लिंचचे पुढचे प्रकाशन होते 'डिक्लरेशन ऑफ राइट्स', म्हणजे हक्कांचा जाहीरनामा. त्यात 'हेप्टोन्स'चे लिरॉय सिब्ल्स यांचा साथीचा आवाज आहे. गाण्याचा विषय उघड आहे: ज्यांना आणून राबवले, लुबाडले, त्यांनी आता उठून आपला हक्क मागावा. ज्या गटाला स्वतःच्या आवाजाचा हक्क रोख पैसे देऊन मिळवावा लागला होता त्याच्या तोंडी हे शब्द नुसत्या घोषणा राहत नाहीत. त्याच काळात लॉइड डेली या निर्मात्यासाठी त्यांनी 'यिम मास गान' गायले. 'त्याची स्तुती असो' या अर्थाचा हा शब्द मात्र अम्हारिकमध्ये शुद्ध आहे. विद्यार्थी दुसऱ्या धड्यात पुढे सरकला होता.

६

यानंतरची हकिकत झपाट्याने सांगता येईल, कारण ती दुर्दैवाने फार परिचित आहे. १९७६मध्ये क्लाइव्ह हंट यांच्या निर्मितीत गटाचा पहिला संग्रह तयार झाला, 'फॉरवर्ड ऑन टू झायन'. तो अधिकृतपणे प्रसिद्ध होण्याआधीच त्याच्या चोरट्या प्रती बाजारात आल्या. १९७८मध्ये लंडनच्या व्हर्जिन कंपनीच्या 'फ्रंट लाइन' या छापेखाली 'अराइज' निघाला. रेगेला युरोपात मागणी आली होती, पैसा दिसू लागला होता, आणि नेमके तेव्हाच गटातले मतभेद विकोपाला गेले. कॉलिन्स बाहेर पडले आणि त्यांच्या जागी आले ते कार्लटन मॅनिंग. ज्या भावाच्या गाण्यातून सारे सुरू झाले, तोच आता गटात उभा होता. १९७९च्या 'रेगे सनस्प्लॅश' महोत्सवात ते गायले आणि १९८०मध्ये गट फुटला.

त्यानंतर ॲबिसिनियन्स या नावावर दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला. कॉलिन्स एकीकडे या नावाने गात होते, मॅनिंग दुसरीकडे. जे नाव एका हरवलेल्या समाजाने सामूहिक अस्मिता म्हणून दूर देशातून आणले होते, ते आता दोघांच्या मालकीच्या वादाचा विषय झाले. १९९८मध्ये तिघे पुन्हा एकत्र आले आणि 'रीयुनियन' या नावाचा संग्रह निघाला. पण एवढे खरे की गटाचे मोठे काम १९६९ ते १९७८ या जेमतेम दहा वर्षांतले, आणि दोन संग्रह व मूठभर तबकड्या एवढाच त्याचा ऐवज.

या घसरणीचे खापर कोणा एकावर फोडण्यात अर्थ नाही. तीन आवाजांचा गट ही रचना मुळातच नाजूक असते. तिच्यात प्रत्येक आवाजाला दुसऱ्यासाठी स्वतःची धार थोडी बोथट करावी लागते. मिळकत नसते तेव्हा हे जमते. मिळकत आली, आणि तिचा हिशेब ठेवणारा कायदा नसला, की प्रत्येक जण आपला स्वर वेगळा काढून मोजू लागतो.

७

शेवटी ज्या देशाचे हे गाणे, त्या देशाबद्दल. १९७१मध्ये तबकडी निघाली, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १२ सप्टेंबर १९७४ रोजी, हैले सेलासी यांना लष्करी अधिकाऱ्यांनी पदच्युत केले. त्याआधी वोल्लो प्रांतात भीषण दुष्काळ पडला होता आणि राजदरबाराने तो दडपला होता. १९७५मध्ये सम्राटांचा कैदेत मृत्यू झाला. त्याच वर्षी नव्या राजवटीने जमीन राष्ट्रीय मालकीची केली, तिच्यात शाशामाने येथील जमीनही गेली. परदेशातील आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी सम्राटांनी ती दिली होती आणि जमैकाचे काही रास्ता तेथे जाऊन वसले होते. सुखी भूमीचा सातबारा असा बदलला.

याहून खोल जाणारी गोष्ट भाषेची आहे. किंग्स्टनमध्ये जी अम्हारिक मुक्तीची भाषा होती, ती इथिओपियात साम्राज्याची भाषा होती. १९५५च्या राज्यघटनेने तिला अधिकृत दर्जा दिला होता. शाळा, न्यायालय, कचेरी तिच्यातच चालत. देशातील फार मोठी लोकसंख्या ओरोमो भाषा बोलत असे, आणि सम्राटांच्या काळात त्या भाषेला शाळेत आणि छापखान्यात मज्जाव होता. शाशामाने हे गाव ओरोमोंच्याच प्रदेशात आहे. म्हणजे जमैकाहून आलेला रास्ता ज्या शेजाऱ्याला मोठ्या प्रेमाने अम्हारिकमध्ये अभिवादन करी, त्या शेजाऱ्याच्या लेकीला शाळेत स्वतःची भाषा बोलता येत नव्हती. एकाची भाषा तीनशे वर्षांपूर्वी समुद्रात बुडाली होती, दुसऱ्याची डोळ्यांदेखत दाबली जात होती, आणि दोघांच्या मध्ये उभी होती तीच अम्हारिक.

हे कळल्यावर 'साटा मासागाना' खोटे ठरते का? मी बराच काळ या प्रश्नाशी अडखळलो. आता मला तसे वाटत नाही. ते तीन तरुण इथिओपियाचे वर्णन करत नव्हते. त्यांच्याकडे इंग्रजी होती, पण ती मळेवाल्याची, पोलिसाची, न्यायाधीशाची भाषा होती. तिच्यात आभार मानायचे तर कोणाचे, हा प्रश्न होता. त्यांना अशी एक भाषा हवी होती जिच्यात त्यांना कोणीही कधी हुकूम दिला नव्हता. अम्हारिक त्यांच्यासाठी तशी होती, ओरोमोसाठी नव्हती. कोणतीही भाषा स्वतःहून निष्पाप किंवा अपराधी नसते. ती कोणाच्या पाठीवर कोणत्या बाजूने येते यावर ते ठरते. जे मराठी आपण घरात लेकुरवाळ्या मायेने बोलतो, तिच्याकडे पाहतानाही एखाद्या भिल्ल किंवा गोंड मुलाला शाळेच्या पहिल्या दिवशी काय वाटत असेल, हा प्रश्न या गाण्याने मला विचारायला लावला.

गाणे सुरू होते तेव्हा आधी वाद्ये येतात, मग कॉलिन्स यांचा आवाज, मग मागून दोघे भाऊ. तिघांपैकी कोणीही स्वर उंचावत नाही. मागणी करणाऱ्याचा आवाज असा नसतो; काहीतरी मिळाल्यानंतर तो असा होतो. ज्या दिवशी ते गायले त्या दिवशी त्यांच्या हाती काहीच नव्हते: फीत दुसऱ्याची, भूमी ऐकीव, भाषा पुस्तकातली, आणि तीही चुकलेली. तरी ते आभार मानत होते. व्याकरणाच्या दृष्टीने ते म्हणाले, 'त्याने दिले.' कदाचित तेच त्यांना म्हणायचे असेल.